दाराचा राखणदार आणि घरची वडीलकी



कुत्रा पाळण्यास कांहीं शास्त्र लागतें, असें खेड्यांत फारसें कोणी मानीत नाहीं. भाकरीचा चतकोर टाकला आणि गळ्यांत साखळी अडकविली, कीं झालें! परंतु तेंच पिल्लूं वर्षाचें झालें, थाळीपाशीं कोणी गेल्यास गुरगुरूं लागलें, आल्यागेल्याच्या अंगावर धांवूं लागलें, म्हणजे घरांत दोन मतें पडतात. एक म्हणतो, 'काठीनें सरळ करा'. दुसरा म्हणतो, 'राखणीचा कुत्रा असाच कडक हवा.' हीं दोन्ही मतें कुत्र्याला आणि शेजाऱ्याला सारखींच घातक आहेत.

काठीच्या मताला एके काळीं शास्त्राचाहि आधार मिळाल्यासारखा वाटला. १९४७ सालीं रुडॉल्फ शेंकेल यांनीं बाझल येथील प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांवर निबंध लिहिला. कोंडून ठेवलेले ते लांडगे एकमेकांवर कुरघोडी करीत. यावरून, लांडग्याच्या कुळांतला कुत्राहि घरांतील पहिलें स्थान बळकावूं पाहतो, व त्याला बळानेंच नमवावें, असा समज रूढ झाला. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथानें तो दूरवर पसरला. पुढें मेक यांनींच कॅनडाच्या उत्तरेकडील एका बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले, आणि १९९९ सालीं लिहिलें कीं, रानांतला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतें. आईबाप पुढें चालतात आणि पिल्लें त्यांच्या मागून शिकतात. तेथें चालते ती वडीलकी. शाळेंतहि छडीनें वर्ग शांत राहतो तो मास्तरांची पाठ फिरेपर्यंतच.

वडीलकीचीं साधनें दोन: अन्न आणि दार. भाकरी घालण्यापूर्वीं 'बस' म्हणावें. कुत्रा बसला कीं थाळी खालीं ठेवावी. फाटक उघडण्यापूर्वीं 'थांब' म्हणावें. थांबला तरच उघडावें. शाबासकी किंवा तुकडा त्याच क्षणीं द्यावा, म्हणजे हें कशाचें फळ तें त्यास उमगतें. हांक मारल्यावर उशिरां आला म्हणून मारलें, तर 'जवळ गेलों म्हणून मार बसला' एवढेंच तो शिकतो. शिवाय साऱ्या घराचा शब्द एकच असावा. आजीनें पानांतला घास द्यावा, आणि घास मागतो म्हणून बापानें लाथ मारावी, अशा घरांत त्यानें कोणाचें ऐकावें?

थाळीपाशीं गुरगुरणाऱ्या कुत्र्याला बहुधा आपलें अन्न हिरावलें जाईल ही भीति असते. गुरगुरणें ही त्याची पूर्वसूचना होय. मारून ती बंद केली तर भीति तशीच राहते, आणि पुढच्या वेळीं तो न गुरगुरतां चावूं शकतो. म्हणून थाळी ओढूं नये. तो शांत राहील इतक्या अंतरावरून अधिक चांगला तुकडा टाकावा व निघून जावें. दिवसेंदिवस अंतर कमी करीत गेलें, कीं माणूस जवळ येण्यांत आपला लाभच आहे, हें त्यास पटतें. तोंवर मुलांना तेथें फिरकूं देऊं नये. शांत कुत्रा एकाएकीं तापट झाला, तर कांहीं दुखत असेल. आधीं पशुवैद्याला दाखवावा.

आतां 'कडक' राखणीविषयीं. आमच्या पिंपरी पेंढारच्या शिवारांत वस्त्या मळ्यामळ्यांतून विखुरलेल्या, आणि जुन्नर तालुक्यांतल्या उसांत बिबट्याचा वावर. भुंकणारा कुत्रा येथें हवाच. पण दिवसभर साखळीला जखडलेला कुत्रा चिडका होतो. चोर कोण आणि शेजाऱ्याचें मूल कोण, हें शिकण्याची संधीच त्यास मिळत नाहीं. रात्रीं उघड्या अंगणांत बांधलेल्याला तर पळतांहि येत नाहीं. शेजारच्या अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्याच्या आहारांत वजनानें सर्वांत मोठा वाटा, सुमारें ३९ टक्के, कुत्र्यांचा आढळला. म्हणून रात्रीं कुत्रा घरांत किंवा बंदिस्त गोठ्यांत घ्यावा. भुंकणें आंतूनहि ऐकूं येतें. आणि पहिल्या तीन महिन्यांतच पिल्लाला पाहुणे, मुलें, गुरें, सायकली यांची ओळख करून द्यावी.

तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लस टोंचवावी व पुढें पशुवैद्य सांगेल तेव्हां पुन्हा द्यावी. कुत्रा कोणाला चावलाच, तर जखमेंत हळद-चुना भरीत बसूं नये. साबण व वाहतें पाणी यांनीं ती पंधरा मिनिटें धुवावी आणि तडक सरकारी दवाखाना गांठावा. लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग बहुधा प्राण घेतोच. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचविते.

ज्या घरचा कुत्रा परक्याची चाहूल लागतांच भुंकतो, आणि घरच्यांच्या एका 'बस'सरशी खालीं बसतो, त्या घराची राखणहि होते आणि शेजारहि टिकतो.