गिटारचा आवाज वाटेत गळतो तेव्हा : बफर, बूस्ट आणि आपले कारागीर

आमचा धंदा कापडाचा. तागा, पन्हा, मीटर ही आमची भाषा. शिक्षण उर्दू शाळेत झाले; तिथे सायन्सच्या किताबात बिजलीचा एक धडा होता, तो इम्तिहानापुरता वाचला आणि विसरलो. तेव्हा गिटारच्या वायरीवर आम्ही लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. पण या वायरीपायी आमच्या खिशातून तीनदा पैसे गेले, आणि चौथ्यांदा जे कळले ते आपल्या कारागीर बंधूंच्या कामाचे आहे असे वाटले, म्हणून हा खटाटोप.

आमचा भाचा कॉलेजच्या मुलांबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. घरी लहान वायरीने वाजवले की आवाज काचेसारखा स्वच्छ. हॉलमध्ये गेला, लांब वायर लावली, पायाखाली चार-पाच पेडल मांडले, की तोच आवाज मळका. "मामू, चादरीखालून वाजवल्यासारखं वाटतं," असे तो म्हणाला. एका दुरुस्तीवाल्याने सांगितले, पिकअप कमजोर आहे. पिकअप बदलला, फरक शून्य. मग महाग वायर घेतली, फरक नावाला. मग कोणीतरी सांगितले, बूस्ट पेडल घ्या. घेतले. ते चालू केले की आवाज साफ होई, पण इतका मोठा की गाणाऱ्याचा गळा त्यात बुडे. बंद केले की पुन्हा तीच चादर.

शेवटी आम्ही त्याला घेऊन शनिवार पेठेत गेलो. कपड्याच्या कामाने आमचा लक्ष्मी रोडला नेहमीचा फेरा असतो, तिथून ही पेठ चालत जाण्यासारखी. पेठेत वाद्यांची दुकाने आहेत आणि त्यांत मिरजेच्या कारागिरीचा वारसा सांगणारेही आहेत. मिरजेचा इतिहास आपल्या वाचकांना सांगायला नको, तरी दोन ओळी लिहितो. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंबोरे-सतारी बनवू लागले. त्यांत फरीदसाहेबांचे नाव पहिले घेतले जाते. तलवारीचा जमाना संपला तेव्हा या लोकांनी हात जोडून बसण्याऐवजी हुन्नर फिरवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ती त्याच मेहनतीची पावती.

आम्ही ज्या दुकानात बसलो तिथले बुजुर्ग कारागीर, त्यांना आम्ही चाचाच म्हणतो, सतारीच्या घोडीची जवारी काढत होते. गिटार त्यांनी नातवाकडे दिली. नातवाने डिप्लोमा केला आहे. त्याने पिकअपकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी गिटार लहान वायरीने थेट अँप्लिफायरला लावून वाजवली. मग सगळे पेडल मध्ये घातले, सगळे बंद ठेवले, लांब वायर लावली आणि तेच वाजवले. दोन आवाजांतला फरक आमच्या कापडवाल्या कानालाही कळला. "दुखणं गिटारीचं नाही, वाटेचं आहे," तो म्हणाला. दहा मिनिटांची ही तपासणी आधीच्या दुरुस्तीवाल्याने केली असती तर पिकअपचे पैसे वाचले असते. असो.

आता वाटेत होते काय? गिटारच्या वायरीत मध्ये एक तार असते, तिच्याभोवती रबरी किंवा प्लास्टिकचा थर आणि त्यावर तारांची जाळी. दोन धातू आणि मध्ये आडपडदा, म्हणजे नकळत एक कंडेन्सरच तयार झाला. साधारण वायरीत तो मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असतो. बारीक, टणटणीत सूर या कंडेन्सरमधून जाळीकडे गळतात. जाड सूर गळत नाहीत. म्हणून आवाज कमी होण्यापेक्षा मळतो जास्त. नातवाने कागदावर हिशेब करून दाखवला : पिकअपची कॉइल अडीच हेन्रीची धरली आणि वायरीचे ओझे ५०० पिकोफॅरड, तर आवाजाचा चमकदार उंचवटा सुमारे ४५०० हर्ट्झवर येतो. ओझे १५०० झाले की तो सुमारे २६०० वर घसरतो. पहिली सहा मीटरची वायर, दुसरी सहा मीटरची, पेडलांमधले तुकडे, सगळी बेरीज केली की १५०० सहज होतात.

इथे एक गोम आहे. हल्ली बरेच पेडल "ट्रू बायपास" म्हणून विकले जातात. म्हणजे पेडल बंद असताना आवाज त्याच्या सर्किटमधून न जाता बटणातून सरळ पुढे जातो. ऐकायला चांगले वाटते, पण पाच पेडल बंद असले की सगळी वायर एकच लांब वायर होते आणि तिचे सारे ओझे बिचाऱ्या पिकअपवर पडते. जपानच्या बॉस कंपनीचे छोटे पेडल १९७७ पासून निघाले. त्यांत बंद असतानाही आतला बफर जागा असतो. भाच्याच्या पाचांत असा एकही नव्हता.

बफर म्हणजे काय, हे आम्ही आमच्या धंद्याच्या हिशेबाने समजून घेतले. पिकअप हा भांडवल नसलेला विणकर आहे. माल उत्तम, पण ताकद कमी. लांबच्या बाजारात माल पोचवायचा खर्च त्याच्यावर टाकला की तो वाटेतच मोडतो. बफर हा दारातच माल उचलणारा भला आडत्या. विणकराकडून तो जवळपास काही मागत नाही (आत शिरताना १ मेगोहम म्हणजे दहा लाख ओहमचा अडसर असतो, म्हणून पिकअपवर भार पडत नाही) आणि पुढे मात्र स्वतःच्या बळावर माल पोचवतो (बाहेर पडताना अडसर हजार ओहमच्या आतबाहेर). माल वाढवत नाही, घटवत नाही. जितका आला तितकाच पुढे. नऊ व्होल्टची बॅटरी हे त्याचे भांडवल.

बूस्ट वेगळा. तो माल वाढवतो. १० डेसिबल म्हणजे व्होल्टेज तिपटीहून थोडे जास्त, २० डेसिबल म्हणजे दहापट. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा एका ट्रान्झिस्टरच्या डब्या निघाल्या, तेव्हापासून हे चालत आले आहे. बहुतेक बूस्टचे तोंड बफरसारखेच मोठ्या अडसराचे असते, म्हणून तो चालू असेपर्यंत बफरचेही काम होऊन जाते. भाच्याचा घोटाळा इथेच झाला होता. त्याचा बूस्ट ट्रू बायपासचा. चालू असताना जी सफाई मिळे ती आतल्या बफरची, आणि त्याला वाटे की मोठ्या आवाजाची. बटण दाबून बंद केला की आडत्याही घरी गेला. शिवाय वाटेत गळलेले सूर पुढे जाऊन दहापट केले तरी परत येत नाहीत. जे उरले ते आणि वायरीतली खरखर एवढेच दहापट होते.

तेव्हा मांडणी अशी ठरली. गिटारनंतर लगेच बफर, तो कायम चालू. पेडलांनंतर स्टेजवरच्या अँप्लिफायरपर्यंत फार लांब जायचे असेल तर शेवटी आणखी एक. याहून जास्त नको, प्रत्येक डबी थोडी सरसर घालतेच. बूस्टला दोन जागा. ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला तर आवाज फारसा मोठा न होता जास्त फाटतो; नंतर ठेवला तर तसाच राहून मोठा होतो. गाण्यात एकट्याचा तुकडा पुढे काढायला भाच्याने दुसरी जागा धरली. एक अपवाद चाचांच्या नातवाने बजावून सांगितला : जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ पेडल असेल तर तो बफरच्या आधी, गिटारला थेट लावावा. त्याला पिकअपचे ओझे हवेच असते. बफरनंतर तो कर्कश वाजतो. आणि काहींना मळका आवाजच आवडतो, त्यांना डबी विकू नये.

आता कामाची गोष्ट. ही डबी बाजारात तयार मिळते, परदेशी नावाची महाग मिळते. आत असते काय? टीएल०७२ नावाचे आठ पायांचे एक आयसी. त्यात दोन अँप्लिफायर, एकाचा बफर होतो, दुसऱ्याचा बूस्ट. दहा हजार आणि एक लाख ओहमचे रेझिस्टर लावले की अकरापट, म्हणजे २० डेसिबलहून किंचित जास्त. काही कंडेन्सर, दोन सॉकेट, एक बटण, ॲल्युमिनियमची डबी. हे सुटे सामान पेठेच्या शेजारी बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत मिळते. भाव लिहीत नाही, छापून येईपर्यंत बदलतील.

बारीक कसब डबी बांधण्यात आहे. डबी धातूचीच हवी आणि अर्थला जोडलेली, नाहीतर ट्यूबलाइटची घरघर आत येते. आत शिरणारे सॉकेट स्टिरिओचे घ्यावे आणि बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या पट्टीला जोडावी. वायर काढली की बॅटरी आपोआप तुटते, गिऱ्हाइकाची रात्रभर संपत नाही. अडॅप्टरचे मध्य टोक पेडलांमध्ये बहुतेक ऋण असते. आमच्या भाच्याने रेडिओचा, मध्य धन असलेला अडॅप्टर लावून एक पेडल धूर काढून संपवला. एक साधा डायोड उलटा बसवला असता तर ते वाचले असते.

आपल्या सतारवाल्यांना हे आणखी जवळचे आहे. हल्ली सतारीला, तंबोऱ्याला स्टेजसाठी पिझो चकती चिकटवून मागतात. चकती स्वतःच कंडेन्सर, सुमारे २० नॅनोफॅरडची. ती मिक्सरच्या दहा हजार ओहमच्या तोंडाला थेट लावली की सुमारे ८०० हर्ट्झखालचे सूर उतरू लागतात आणि खर्ज तर जवळजवळ हरवतोच. वाजवणारा म्हणतो, सतार पातळ वाजते. दोष कारागिराच्या लाकडावर येतो. मध्ये बफर घातला तर तीच मर्यादा ८ हर्ट्झवर जाते. चाचांनी हा टोमणा दोनदा ऐकला आहे.

त्यांनी आणखी एक आठवण काढली. १९७९ साली बंगलोरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. पुढे गायकाच्या पिशवीत ती पेटी आली आणि भोपळ्याचा तंबोरा बऱ्याच घरांत कोपऱ्यात गेला. "पेटी वाईट नव्हती," चाचा म्हणाले, "फक्त ती आमच्यापैकी कोणी बनवली नाही." हे ऐकल्यावर नातवाने हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली नाही, एवढे आम्ही पाहिले.

भाच्याची डबी आठवड्यात झाली. वरचा रंग थोडा वाहिला आहे, पण त्या शनिवारच्या कार्यक्रमात हॉलच्या मागच्या रांगेत बसून आम्हाला तारेवरचे नख ऐकू आले. दुसरी डबी एका साध्या गिटारसाठी चालू आहे. तिच्या घोडीखाली पिझोची पातळ पट्टी आहे, तिची क्षमता चकतीपेक्षा फार कमी, म्हणून तिथे एक मेगोहम पुरत नाही, दहा लागतात. नातू दहा मेगोहमचे रेझिस्टर आणायला तापकीर गल्लीत गेला आहे. गिऱ्हाईक गुरुवारी येणार आहे.