निवेदकावर किती विश्वास ठेवायचा?

रोल-प्लेइंग गेम आवडत असतील तर 'ड्रॅगन एज २' (२०११) चुकवू नका. चौकशीत सापडलेला वॅरिक हा हॉक या मुख्य पात्राची कहाणी सांगतो. सुरुवातीच्या लढाईत हॉक शत्रूंना लीलया लोळवतो, तेवढ्यात चौकशी करणारी कॅसँड्रा वॅरिकला अडवून खरं काय ते सांगायला लावते. मग तीच हकिकत पुन्हा, या वेळी बेताच्या ताकदीने! 'निअर: ऑटोमाटा' (२०१७) पहिल्या शेवटानंतर तीच कथा दुसऱ्या पात्राच्या बाजूने खेळायला लावतो. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) नायकाची कौशल्यंच त्याच्याशी बोलतात, आणि भलते सल्लेही देतात.

गोष्ट कोण सांगतंय, हा प्रश्न जुन्या मराठी ग्रंथातही भेटतो; त्यासाठी आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे या. गोदाकाठच्या सराळ्याच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसं गाठून जमवल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. सलग गोष्ट नाही, सुट्या लीळा, म्हणजे प्रसंग. मूळ ग्रंथ हरवल्यावर तो स्मरणातून पुन्हा उभा राहिला. जिथे आठवणी जुळल्या नाहीत, तिथे 'हिराइसा पाठ', 'परशरामबास पाठ' अशी नावानिशी नोंद झाली. इथे कुणी फसवत नाही. कोण सांगतंय हे मात्र वाचकाला कळतं.

मराठीत गेम लिहू पाहणाऱ्यांनो, 'लीळाचरित्र' नक्की वाचा. एकाच घटनेची दोन रूपं कशी मांडायची, हे त्यातून शिकता येईल.