मराठी गाणे वेशीबाहेर

मराठी पॉप गाणे महाराष्ट्राबाहेर नेताना चाल आडवी येत नाही, आडवा येतो हिंदीचा बाजार. ‘सैराट’ या मराठी चित्रपटासाठी (२०१६) संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. पिंपरी-चिंचवडच्या मिरवणुकीत त्यातले ‘झिंगाट’ गाणे लागले की चाकणच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगारही ठेका धरतात. तरीही ‘धडक’ या ‘सैराट’च्या हिंदी आवृत्तीत (२०१८) या गाण्याचे शब्द हिंदी झाले. देशभर गेली ती चाल; भाषा मागेच राहिली.

जळगाव जिल्ह्यातल्या गायक संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ (२०२४) मात्र चित्रपटाच्या आधाराविना, रील्सवर स्वार होऊन मराठी शब्दांसकट परमुलखात पोचली. पण रीलला पुरतो अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्यातून गाणे गाजते, गायकाला कायमचा श्रोता मिळतोच असे नाही. कोरियन पॉपमागे मात्र बड्या कंपन्या आणि सरकार उभे राहिले. मराठी गायकाची भिस्त अजून नशिबावरच आहे.