जामीन कोणाला मिळतो?

न्यायसंस्था व्यक्तीच्या हक्कांचें रक्षण करते काय, याचें उत्तर केवळ संविधान वाचून मिळत नाहीं. कायद्यानें ठरविलेल्या रीतीवांचून कोणाचेंही स्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं, असें २१ वा अनुच्छेद सांगतो. अटक केलेल्या माणसास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें नेलेंच पाहिजे, असें २२ वा अनुच्छेद बजावतो. परंतु या शब्दांची खरी कसोटी तुरुंगाच्या दाराशीं लागते.

आपल्या भाषेंत 'जामीन' म्हणजे सुटकाही आणि हमी घेणारा माणूसही. गरिबाचें दुर्दैव या दुसऱ्या अर्थांत आहे. मध्य प्रदेशांतील एका गवंड्यास सर्वोच्च न्यायालयानें जामीन मंजूर केला. पण खालच्या दंडाधिकाऱ्यानें १०,००० रुपयांची हमी मागितली, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याची हमी नाकारली. अखेर १९७८ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यास सोडण्याचा हुकूम दिला. पुढच्याच वर्षीं बिहारमधील कैद्यांचें प्रकरण आलें. गुन्हा शाबीत झाला असता तरी भोगावी लागली नसती इतकी कैद त्यांतील कित्येकांनीं खटल्यावांचून भोगली होती! खटला त्वरेनें चालणें हाही २१ व्या अनुच्छेदांतील हक्कच होय, असें न्यायालयानें तेव्हां ठरविलें.

तत्त्व ठरलें, व्यवहार मात्र मागें राहिला. २०२२ च्या अखेरीस देशांतील सुमारें ५ लक्ष ७३ हजार कैद्यांपैकीं ४ लक्ष ३४ हजार कैदी खटल्याच्या निकालाची वाट पाहत होते.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमान्वयें, पूर्वीं कधींही दोषी न ठरलेल्या माणसानें कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगांत काढला, कीं त्यास मुचलक्यावर सोडावयाचें आहे. फांशी वा जन्मठेपेचे गुन्हे यांतून वगळले असून, एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यासही ही सवलत नाहीं. मुदत भरतांच न्यायालयास लेखी कळविण्याचें काम तुरुंगाच्या अधीक्षकावर सोंपविलें आहे. शिवाय १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोठडींतील प्रत्येकास, त्याचें उत्पन्न कांहींही असो, मोफत वकील मिळूं शकतो. त्याकरितां जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

तेव्हां हक्क आहेत आणि न्यायालयानें ते मान्यही केले आहेत. उणीव आहे ती ते कैद्याच्या कोठडीपर्यंत पोंचविणाऱ्या माणसांची. ती भरून निघेपर्यंत या प्रश्नाला निःशंकपणें 'होय' म्हणतां येणार नाहीं.