भिंतीला तोंड फुटतं तेव्हा
घरातले आवाज : लेखांक ६

बॉक्सिंगच्या सरावसाहित्यात अगदी लहान चणीचं साधन म्हणजे स्पीड बॅग. घरात सगळ्यांत मोठा बोभाटा करणारंही तेच. पेरूएवढी नसली तरी पेरूच्याच घडणीची ही चामडी पिशवी, आत हवेचा ब्लॅडर, वजन जेमतेम पाव ते अर्धा किलो. डोक्यावरच्या गोल लाकडी फळीखाली ती एका फिरत्या आकड्याला, म्हणजे स्विव्हलला, टांगलेली असते. ठोसा बसला की ती फळीवर मागे आपटते, मग पुढे, मग पुन्हा मागे, आणि त्यानंतर पुढच्या ठोशासाठी मुठीसमोर येते. म्हणजे ठोसा एक, दणके तीन. सेकंदाला दोन ठोसे मारणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची फळी सेकंदाला सहा वेळा वाजते, आणि तीन मिनिटांच्या एका राउंडमध्ये हजाराहून जास्त वेळा.

व्यायामशाळेत याचं कोणालाच काही वाटत नाही. मायामी बीचवरची ‘फिफ्थ स्ट्रीट जिम’, जिथे मुहम्मद अलीनं अँजेलो डंडीच्या देखरेखीखाली घाम गाळला, ती रस्त्यालगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. तिथे हा तीन ठेक्यांचा ठोका कामाचाच आवाज होता. हीच फळी तिथून उचलून शयनगृहाच्या भिंतीला ठोकली की भांडण सुरू होतं, आणि बहुधा ते शेजारच्या घरात सुरू होतं.

शेजाऱ्याला ऐकू येतो तो बॅगचा आवाज नसतो, भिंतीचा असतो. तंबोऱ्याची तार हवेत नुसती ताणून छेडली तर जवळच्यालाही धड ऐकू येत नाही. ती घोडीवरून तबलीवर आणि भोपळ्यावर कंपनं सोडते तेव्हा खोली भरते. स्पीड बॅगच्या बाबतीत भोपळ्याचं काम भिंत करते. फळीचं क्षेत्रफळ पंचवीस-तीस शतांश चौरस मीटर, तर भिंतीचं दहा-बारा चौरस मीटर. म्हणून खोलीत फोमचे पत्रे चिकटवणं किंवा जाड पडदे लावणं हा पैशांचा चुराडा आहे. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, पण बोल्टमधून भिंतीत शिरलेला धक्का फोमला विचारत नाही.

भिंतीभिंतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. सोळा इंचांवर एक उभा लाकडी स्टड, आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. अशा भिंतीचं वजन चौरस मीटरला पंचवीस-तीस किलोच्या आसपास, आणि मधली पोकळी वेगळीच. तिला ढोलच म्हणायला हवं. आपल्याकडची नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर जाते, त्यामुळे ती तेवढ्याच धक्क्याला सहज दाद देत नाही. पण गेल्या काही वर्षांत पुण्या-ठाण्याच्या नव्या संकुलांत आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या असतात. चार इंची ब्लॉकची भिंत प्लास्टर सोडून चौरस मीटरला साठ किलोंच्या घरात. ती दिसते विटेच्या भिंतीसारखी, पण वजनाच्या बाबतीत लाकडी सांगाड्याच्या जवळ. अख्ख्या काँक्रीटच्या भिंतींचे टॉवर ही आणखी तिसरी तऱ्हा. तिथली भिंत स्वतः फारशी हलत नाही, पण सगळी इमारत एकसंध ओतलेली असल्यानं टकटक दोन मजले वर आणि दोन मजले खाली बिनबोभाट पोचते.

तक्रार आली की घरमालक पहिली धाव घेतो ती रबराकडे. हार्डवेअरच्या दुकानातून सहा मिलिमीटरची पट्टी आणायची, कापून ब्रॅकेटच्या मागे घालायची, बोल्ट आवळून टाकायचे. सराव करणाऱ्याला आवाज बदललेला जाणवतो. शेजाऱ्याला नाही.

याचं कारण समजून घ्यायला थोडं गणित लागतं, पण ते पाचवीच्या पोराला जमेल इतकंच आहे. कोणतीही वस्तू रबरावर किंवा स्प्रिंगवर ठेवली की ती थोडी दबते. जितकी जास्त दबते तितकी तिची स्वतःची डुलण्याची गती कमी. एक मिलिमीटर दबली तर सेकंदाला सुमारे सोळा हेलकावे, चार मिलिमीटर दबली तर आठ, आणि एक दशांश मिलिमीटरच दबली तर पन्नास. या स्वाभाविक गतीच्या साधारण दीडपटीहून वेगवान कंपनंच रबर अडवू शकतं. तिच्याहून संथ कंपनं ते जशीच्या तशी पलीकडे पोचवतं, आणि तिच्या आसपासची तर चक्क वाढवतं. कडक पट्टी घट्ट आवळली की ती एक दशांश मिलिमीटर दबली तरी पुष्कळ. म्हणजे सत्तरच्या वरची कंपनं थांबली. तीच ती चामड्याची कोरडी टकटक. खालचा धप्प धप्प मात्र तसाच राहिला, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला उशीतून जाणवतो तो नेमका धप्प.

मग रबर मऊ घ्यावं का? सेकंदाला सहा दणक्यांच्या मूळ ठेक्यापर्यंत पोचायचं तर स्वाभाविक गती चारच्या खाली आणावी लागेल, म्हणजे आधार दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. एवढ्या मऊ आधारावरची फळी प्रत्येक दणक्याला डुलणार. बॅगेची सगळी गंमत असते ती कडक, न हलणाऱ्या फळीवरून मिळणाऱ्या एकसारख्या उसळीत. फळी डुलली की उसळी अडखळते, ताल तुटतो, आणि ठोसा हवेत जातो. शेजारी सुखी, बॉक्सर बेजार.

या पेचाचं उत्तर बॉक्सिंगपेक्षा जुन्या धंद्यात सापडतं. पुण्या-कोल्हापूरच्या फोर्जिंग कारखान्यांत तापलेल्या लोखंडावर टनावारी वजनाचा हातोडा पडतो. त्याच्या खालची ऐरण हातोड्याच्या साधारण वीसपट वजनाची ठेवण्याचा रिवाज आहे. धक्का तोच राहिला आणि तो घेणाऱ्या वस्तूचं वजन दुप्पट झालं, तर त्या वस्तूला मिळणारी गती निम्मी होते. आधी वजन, आणि त्या वजनाखाली स्प्रिंग किंवा रबर, हा तिथला क्रम. घरात तो नेमका उलटा होतो. वजन कोणीच वाढवत नाही, रबर आधी येतं.

तेव्हा सुरुवात फळीपासून करावी. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त संचांत चोवीस इंच व्यासाची एकाच थराची फळी असते. १९ मिलिमीटर प्लायची अशी फळी तीन-साडेतीन किलो भरते. तसेच तीन गोल कापून, फेव्हिकॉल लावून, स्क्रूनं एकजीव केले तर फळी सत्तावन्न मिलिमीटर जाड आणि दहा किलोंच्या आसपास होते. सुताराचं हे अर्ध्या दिवसाचं काम, आणि सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक पाडणारं. ब्रॅकेट चौकोनी पोकळ पाइपचं असेल तर फॅब्रिकेटरकडून एका टोकाला झाकण बसवून त्यात कोरडी चाळलेली वाळू भरावी. वजन वाढतं, आणि वाळूचे कण एकमेकांवर घासून पाइपचा टणत्कार गिळून टाकतात.

त्यानंतर भिंत. लाकडी सांगाड्याच्या घरात ब्रॅकेट नुसत्या जिप्समला किंवा एकाच स्टडला लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. निदान तीन स्टडवर आडव्या जाड फळ्या बसवून त्यांवर ब्रॅकेट आलं पाहिजे. न्यू जर्सीकडच्या घरांत बेसमेंट मोकळं असतं म्हणून कितीतरी मराठी घरांतही व्यायामाचं सामान खालीच जातं. तिथे फळी छताच्या वाशांना ठोकण्याचा मोह आवरावा, कारण ते वासे म्हणजेच वरच्या दिवाणखान्याची जमीन. बेसमेंटची काँक्रीटची बाहेरची भिंत, जिच्या पलीकडे माती आहे, ती केव्हाही बरी. एएसी ब्लॉकमध्ये साधा एक्स्पान्शन अँकर रोजच्या धक्क्यांनी सैल होत जातो. तिथे आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, किंवा केमिकल अँकर. कॉलम-बीमला भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेलं बरं. आतली सळई ड्रिलला सापडली तर आवाजापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो.

आता रबराची पाळी. ते फळी आणि ब्रॅकेटच्या मध्ये घालू नये, ब्रॅकेट आणि भिंतीच्या मध्ये घालावं. एक खबरदारी बहुतेक जण विसरतात. बोल्ट रबरातून जातो खरा, पण ब्रॅकेटच्या लोखंडाला टेकतो, आणि सगळा धक्का त्या लोखंडी वाटेनं भिंतीत निघून जातो. बोल्टभोवती रबरी बुश हवी, आणि नटाच्या वायसरखालीही रबर हवं. लोखंडाला लोखंड कुठेही भेटता कामा नये.

कधी कधी दोष इतका खोलवर नसतोच. उंची कमी-जास्त करायचा खटका ढिला असतो, स्विव्हलचा नट फिरलेला असतो, आणि प्रत्येक दणक्याला खडखड होते. फळीला हातानं झटका देऊन, दुसरा हात एकेका जोडावर ठेवत गेलं की ढिला जोड बोटांना लगेच कळतो. तिथे नायलॉक नट घालावा. बॅगेत हवाही पुष्कळ जण दगडासारखी भरतात. अंगठ्यानं थोडी दाबली जाईल इतकी ठेवली तर दणका बोथट होतो. लहान आकाराची बॅग हलकी असते, तीही भिंतीवर मेहरबान. मात्र ती जास्त चपळ, नवख्याला दमवणारी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपुढे एवढं सगळं करूनही एक अडचण उरते. सामाईक भिंत शेवटी सामाईकच. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची पातळी ठरवली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण ते मोजमाप परिसरातल्या आवाजाचं आहे. भिंतीतून येणाऱ्या ठोक्यांपायी मध्यरात्री सोसायटीच्या ग्रुपवर जे पेटतं, त्याचा निवाडा डेसिबलवर होत नाही. पहाटे साडेपाचला सराव करायचा असेल तर भिंत सोडून द्यावी. जमिनीवर उभा राहणारा जड स्टँड, खालच्या चौकटीवर वाळूची पोती आणि तळाशी जाड रबरी टाइल्स, ही जोडी गच्चीवर किंवा तळमजल्यावर चांगली चालते. वरच्या मजल्यावर मात्र धक्का खालच्या घराच्या छतात उतरतो.

तीही सोय नसेल तर फळीच काढून टाकता येते. छत आणि जमीन यांच्यामध्ये लवचीक दोऱ्यांनी ताणलेली डबल-एंड बॅग आपटायला फळी मागतच नाही. तिच्यात तीन ठेक्यांचा तो ताल नाही. नजर आणि हात यांचा मेळ बसवायला मात्र ती चांगली, आणि ठोसा चुकला की ती परत येऊन नाकावर बसते.

(पुढील लेखांकात : लिफ्टच्या मशीनरूमखालचा फ्लॅट)