‘बघूं’ म्हणजे केव्हां ?

कचेरींतील कोणता शब्द कानीं पडला म्हणजे आपल्या कपाळास आठी पडते, असा प्रश्न आम्हीं भोर व वेल्हे या बाजूच्या ओळखीच्या शेतकरी मंडळींस बोलतां बोलतां विचारला. बहुतेकांजवळ उत्तर तयारच होतें. कोणी ‘पोटखराबा’ म्हणाले, कोणी ‘निरंक’, कोणी ‘भोगवटादार वर्ग २’, तर कोणी ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’. “बापजाद्यांनीं कष्टानें राखलेल्या जमिनीच्या पोटांत खराबा आहे, असें सरकारनें लिहावें काय ?” असें एक वृद्ध गृहस्थ तावातावानें बोलले. आमचीं उमेदीचीं सारीं वर्षें महसुली कचेरींत याच शब्दांच्या संगतींत गेलीं. तेव्हां त्यांची बाजू मांडणें आम्हांस प्राप्त आहे. आणि ज्या शब्दांवर खरोखर रागवावें ते कोणींच सांगितले नाहींत, हेंही बोलणें प्राप्त आहे.

प्रथम पोटखराबा. हा शब्द कोणास हिणविण्यासाठीं योजिलेला नाहीं. गटांतील जो भाग पिकाखालीं येण्याजोगा नव्हता तो निराळा काढून त्यावर शेतसारा बसविला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. खडक, खळें अशी जागा वर्ग ‘अ’ मध्यें धरितात. रस्ता, नाला, स्मशान अशी सार्वजनिक उपयोगाची जागा वर्ग ‘ब’ मध्यें. वर्ग ‘अ’ ची जागा धारकास लागवडीस आणतां येते, वर्ग ‘ब’ ची येत नाहीं. डोंगरउतारावर बांध घालून भाताचें खाचर काढणाऱ्यानें हा भेद जाणून असावें. ‘निरंक’ म्हणजे त्या रकान्यांत नोंद नाहीं. ‘वर्ग २’ म्हणजे सरकारच्या परवानगीवांचून ती जमीन विकतां येत नाहीं. तो आंकडा न पाहतां इसार देणारा मनुष्य पुढें पस्तावतो. हे शब्द कानास रुक्ष लागतात खरे, परंतु प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे आणि तो एकदां विचारून घेतला म्हणजे कोणास फसवितां येत नाहीं.

राज्यकारभाराचे शब्द रयतेस परके वाटतात ही तक्रार नवी नाहीं, आणि तिचा इतिहास आमच्याच डोंगरांशीं जोडलेला आहे. ज्या राजगडावर शिवछत्रपतींची राजधानी रायगडापूर्वीं होती, त्याचेंच नांव वेल्हे तालुक्यास देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें घेतला. त्याच महाराजांनीं दरबारांतील फारशी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांकडून करविला. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरनीस हा सचिव झाला; आणि सचिवपदाचें घराणें पुढें ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन होईपर्यंत भोरांत नांदलें. तरीही जमीन, वसूल, तहसील, खरीप, रबी हे शब्द राहिलेच, आणि ते आज कोणास खुपत नाहींत. अलीकडे तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणूं लागले. शब्द असे येतात, जातात, अंगवळणीं पडतात. खिडकीपुढें उभ्या असलेल्या माणसास मिळणारें उत्तर मात्र आम्ही नोकरीस लागलों तेव्हां होतें तेंच पुष्कळ ठिकाणीं आजही आहे.

तें उत्तर अगदीं सोप्या मराठींत असतें. ‘बघूं.’ ‘उद्यां या.’ ‘वरून आलें नाहीं.’ ‘साहेब मीटिंगला गेले आहेत.’ ‘होऊन जाईल.’ १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, तेव्हांपासून ‘सर्व्हर बंद आहे’ याचीही भर पडली. यांतील एकही शब्द समजण्यास कठीण नाहीं, म्हणून कोणी त्यावर रागवत नाहीं. उलट, भाऊसाहेब गोड बोलले अशा समाधानानें मनुष्य घरीं जातो. परंतु नीट पाहिलें तर या वाक्यांत काम करणारा कोणी नाहीं, काय अडलें तें नाहीं आणि तारीखही नाहीं.

हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. आमच्या नोकरीच्या आरंभींची गोष्ट आहे. डोंगरांतील एका वाडीवरची एक विधवा बाई वारसाच्या नोंदीसाठीं आमच्या मेजापाशीं येत असे. तिच्या कागदांत पतीच्या मृत्यूचा दाखला तेवढा नव्हता. हें तिला सांगण्यास एक वाक्य पुरलें असतें. मेजावर ढीग होता, आणि ‘नाहीं’ म्हणण्याचा संकोच होता. म्हणून आम्ही ‘बघूं, पुढच्या आठवड्यांत येऊन जा’ म्हणालों. असें चार वेळां झालें. दर खेपेस तिचा सारा दिवस मोडला, एस्. टी. चें भाडें गेलें. सातबाऱ्यास नांव नाहीं म्हणून त्या सालीं पीककर्ज मिळालें नाहीं, आणि खाचर लावणीवांचून पडलें. पांचव्या वेळीं आम्हीं दाखल्याचें सांगितलें तेव्हां ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “भाऊसाहेब, तुम्ही न्हाय म्हनला असता तरी चाललं असतं. दुसरी वाट तरी धरली असती. तुमच्या ‘बघू’नं माझी लावणी गेली.” त्यानंतर हा शब्द मेजावरून उच्चारतांना आमची जीभ अडखळूं लागली.

कचेरीबाहेरही हीच तऱ्हा आहे. व्यापारी भात मापून घेतो आणि ‘भाव निघाला कीं कळवितों’ म्हणतो. भाऊ भावास म्हणतो, ‘आपलंच तर आहे, कागद कशाला ?’ आणि पुढील पिढी त्याच बांधावर कज्जा मांडते. बहिणीस सांगतात, ‘एक सही कर, नुसती नांवापुरती.’ त्या एका सहीनें ती हक्क सोडून मोकळी होते. २००५ च्या कायद्यानें मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाइतकाच वांटा दिलेला असतांही. ज्या घरांत ‘पोटखराबा’ शब्दानें कपाळास आठी पडते, त्याच घरांत हें वाक्य मायेनें बोललें जातें.

यावर उपाय भांडणाचा नाहीं. ‘बघूं’ असें कोणी म्हटलें, तर नम्रतेनें तीन गोष्टी विचाराव्या : काय राहिलें, काम कोणाकडे आहे, आणि कोणत्या तारखेस यावें. उत्तर आपल्या वहींत त्याच्या देखत लिहून घ्यावें. अर्ज तोंडीं सांगून परत येऊं नये, पोच घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणें वारसानें आपला हक्क तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावयाचा असतो, आणि कळविल्याबरोबर लेखी पोच देणें हें तलाठ्याचें कर्तव्य आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वयें अधिसूचित सेवांस मुदत ठरलेली आहे. सेवा नाकारल्यास कारण लेखी द्यावें लागतें, आणि त्यावर अपील करितां येतें. लेखी नकार हातांत असला म्हणजे पुढील पायरी चढतां येते. तोंडी ‘बघूं’ वर अपील कोठें करणार?

आमच्या कारकून बंधूंसही एक विनंती आहे. काम होत नसेल तर ‘होत नाहीं’ म्हणावें आणि कारण सांगावें. ऐकणारास क्षणभर वाईट वाटेल, पण तो वेळेवर घरीं जाऊन आपलें खाचर लावील.