सुडाची खतावणी

सूडपट म्हणजे अन्याय झालेल्या माणसाने कायद्याची वाट न पाहता स्वतःच हिशेब चुकता करण्याची कथा, आणि कृष्णविनोद म्हणजे मृत्यूसारख्या ज्या गोष्टीपुढे एरवी माणूस गप्प होतो तिच्यातूनच निघणारे हसू. हे दोन प्रवाह एकत्र आलेल्या चित्रपटांत हसू नेमके कोठून येते, असे विचारले की पुष्कळदा हिंसेच्या अतिरेकाकडे बोट दाखवले जाते. ते फारसे पटण्याजोगे नाही. या प्रकारातील चांगल्या चित्रपटांत विनोदाचा उगम असतो तो सूड घेणाऱ्याच्या टापटिपीत, म्हणजे यादी करणे, नाव खोडणे आणि पुढच्या नावाकडे वळणे या कारकुनी शिस्तीत, जिच्याआड मूळ दुःख हळूहळू दिसेनासे होते.

या शिस्तीचा सर्वांत नितळ नमुना म्हणजे ब्रिटनमधील ईलिंग स्टुडिओने १९४९ मध्ये काढलेला, रॉबर्ट हेमर दिग्दर्शित ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स’. रॉय हॉर्निमन यांच्या १९०७ च्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात लुई माझिनीच्या आईने इटालियन गायकाशी लग्न केले म्हणून डॅस्कॉइन हे उमराव घराणे तिला तोडते, आणि मेल्यावर कुळाच्या दफनघरात जागा देण्यासही नकार देते. मग कापडाच्या दुकानात नोकरी करणारा तिचा मुलगा ड्यूकपदाच्या वाटेत उभे असलेले वारस एकामागून एक दूर करू लागतो. हे आठही डॅस्कॉइन, त्यांत मताधिकारासाठी लढणारी लेडी अगाथासुद्धा, अ‍ॅलेक गिनेस या एकाच नटाने साकारले आहेत. त्याला नटाची करामत म्हणून नेहमी दाद दिली जाते, परंतु तीच मुद्रा वेगवेगळ्या टोप्यांखाली पुन्हा पुन्हा मरताना पाहिली की लुईच्या लेखी ही माणसे नसून एकाच वर्गाच्या आवृत्त्या आहेत, हे न सांगता कळते. छायाचित्रणाचा नाद असलेल्या हेन्‍रीच्या डार्करूममधील दिव्यात लुई रॉकेलऐवजी पेट्रोल भरून ठेवतो आणि बागेत त्याच्या पत्नीबरोबर चहा घेत बसतो. कॅमेरा डार्करूमकडे जातच नाही, फक्त भिंतीपलीकडून धुराचा लोट वर चढताना दिसतो आणि लुईचे सभ्य संभाषण तसेच चालू राहते. पुढे जो मृत्यू त्याने घडवलेलाच नाही त्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा होते, ऐनवेळी सुटका होते, आणि तुरुंगाबाहेर आल्यावर लक्षात येते की सगळ्या खुनांची कबुली असलेले आत्मचरित्र कोठडीतच राहिले आहे. ब्रिटिश आवृत्ती तेथेच थांबते. अमेरिकेत मात्र गुन्हेगार सुटलेला दाखवू नये, या तेथील चित्रपट उद्योगाच्या आचारसंहितेपायी ते हस्तलिखित अधिकाऱ्यांच्या हाती लागल्याचे काही सेकंदांचे दृश्य जोडण्यात आले, आणि ज्या अधांतरात चित्रपटाची सारी गंमत होती ते बुजवले गेले.

डग्लस हिकॉक्स यांच्या ‘थिएटर ऑफ ब्लड’मध्ये (१९७३) पुरस्कार हुकलेला नट शेक्सपिअरच्या नाटकांतील मृत्यूंबरहुकूम समीक्षकांना संपवतो, आणि एका खादाड समीक्षकाला त्याच्याच लाडक्या कुत्र्यांचे मांस खाऊ घालतो. व्हिन्सेंट प्राइस यांचा अभिनय झकास असला तरी तिसऱ्या-चौथ्या खुनानंतर युक्तीच उरते आणि तिच्यामागचा माणूस हरवतो.

नॉर्वेजियन दिग्दर्शक हान्स पेटर मोलान्द यांच्या २०१४ च्या ‘क्राफ्टइडिओटेन’ या चित्रपटात तो हरवत नाही, कारण तेथे सूड घेणारा खरोखरच साधा कामकरी गृहस्थ आहे. स्टेलान स्कार्सगार्ड यांनी रंगवलेला निल्स डोंगरी रस्त्यांवरचा बर्फ नांगराच्या यंत्राने हटवतो आणि गावाने त्याला आदर्श नागरिक म्हणून गौरवलेही आहे. मुलगा अमली पदार्थाच्या अतिसेवनाने मेल्याचे भासवून त्याचा खून झाला आहे, हे कळल्यावर तो ज्या निमूटपणे बर्फ हटवत असे त्याच निमूटपणे एकेक गुंड हटवू लागतो आणि प्रेते कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीत गुंडाळून धबधब्यात सोडतो. प्रत्येक मृत्यूनंतर पडदा काळा होऊन मृताचे नाव आणि त्याच्या धर्माचे चिन्ह उमटते; पहिल्या पाटीला प्रेक्षक गंभीर असतो, पुढे पुढे पाटीचीच वाट पाहू लागतो, आणि अशा रीतीने जमाखर्चाच्या कामात त्यालाही सामील करून घेतले जाते. टोळीचा म्होरक्या कडक शाकाहारी असून मुलाच्या ताब्यावरून घटस्फोटित पत्नीशी भांडतो, तर सर्बियन गुंड नॉर्वेच्या तुरुंगातील सोयीसुविधांचे कौतुक करतात. कल्याणकारी राज्याची अशी थट्टा त्या राज्यातच शोभते. मोलान्द यांनीच २०१९ मध्ये लियम नीसन यांना घेऊन ही कथा ‘कोल्ड पर्सूट’ या नावाने अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये नेली, तेव्हा प्रसंग बहुतेक तेच राहिले, पण सूडनायक म्हणून आधीच ख्यातकीर्त असलेल्या नटाने पिस्तूल उचलल्याचे कोणालाही नवल वाटले नाही.

दामियान सिफ्रोन यांच्या सहा कथांच्या अर्जेंटिनी ‘वाइल्ड टेल्स’मध्ये (२०१४) शत्रू व्यक्ती नसून खिडकीपलीकडचा कारभार असू शकतो. सुरुंगतज्ज्ञ अभियंता मुलीच्या वाढदिवसाचा केक घेत असताना त्याची गाडी टोइंगवाले उचलतात, दंडाच्या खिडकीवर दाद लागत नाही, नोकरी जाते, संसार मोडतो, आणि अखेर तो स्फोटके भरलेली गाडी मुद्दाम उचलू देतो. कोणी मरत नाही. लोक त्याला डोक्यावर घेतात.

महाराष्ट्राच्या भूमीवर या परंपरेचे उलटे टोक श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’मध्ये (२०१५) सापडते. मासिमो कार्लोत्तो यांच्या इटालियन कादंबरीवर आधारलेल्या या हिंदी चित्रपटात बँकेवरील दरोड्यात पत्नी आणि मुलगा गमावलेला रघू पंधरा वर्षे बदलापुरात दबा धरून बसतो. हसू आणण्याचे काम येथे सूड घेणाऱ्याकडे नसून नवाझुद्दीन सिद्दीकी यांच्या लायककडे, म्हणजे गुन्हेगाराकडे आहे. रघू जितका शिस्तबद्ध तितका तो निर्दय होत जातो, आणि चुळबुळ्या, खोटारडा, मरणाला टेकलेला लायक प्रेक्षकाची माया ओढून घेतो. शेवटी रघूने केलेले खून लायक स्वतःच्या माथी घेतो. वर्षानुवर्षे जपलेले येणे वसूल होता होता रघूच्या अंगावर असे देणे चढते, जे फेडायला लायकच उरत नाही.